आईच्या घरातलं अस्वल

मिल्या, काल तुझं पुण्यानुमोदन झालं. शहाडच्या आपल्या चाळीत, नळापुढच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत, पुढे मेणबत्त्या, आणि हार घातलेला तुझा फोटो. फोटो कुठला, तर कुठल्याशा फॉर्मसाठी काढलेला, ज्यात तू नुकत्याच पकडून आणलेल्या पाकीटमारासारखा दिसतोस. दुसरा सापडलाच नाही. सगळ्या चाळीची चित्रं काढलीस, स्वतःचा एक धड फोटो ठेवला नाहीस.

वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. कुणी तुला हरहुन्नरी म्हणालं, कुणी सदा हसतमुख. सकाळी दहाच्या आत तू कुणाकडे बघून हसलास असं मला तरी आठवत नाही. मलाही माइक दिला. "मिलिंद माझा धाकटा भाऊ," एवढं म्हणून मी खाली बसले. लोकांना वाटलं, ताईला रडू आवरेना. तसं नव्हतं. एवढ्या माणसांसमोर कसं सांगणार, की सात महिने आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि तेही एका अस्वलावरून? ते तुलाच सांगायला हवं, म्हणून आज ऑफिसला दांडी मारून लिहायला बसलेय.

अस्वल आपल्याकडे आलं ते गेल्या जूनमध्ये. तू ज्या साइटवर चित्रं काढून द्यायचास, तिथे जगभरची माणसं आपापलं एक प्राणी-पात्र घेऊन येतात, हे मला तुझ्यामुळेच कळलं. कुणाची मांजर, कुणाचा लांडगा. माणसासारखे कपडे घालणारे, दोन पायांवर चालणारे. त्यांच्या गोष्टी ही माणसं मनात रचत बसतात आणि चित्रं तुझ्यासारख्याकडून काढून घेतात. या गिऱ्हाइकाचं अस्वल होतं. आधी त्याची बेकरी होती, म्हणून त्याला कायम ॲप्रन. आता गोष्टीत त्याचे दिवस फिरले होते. बेकरी गेली, घर गेलं. ते गरिबीत राहतंय असं एक चित्र त्याला हवं होतं.

तुझं इंग्रजी कच्चं, म्हणून गिऱ्हाइकांशी बोलणी माझ्याकडे. मानपाड्याच्या कंपनीत मी दिवसभर परदेशी पार्ट्यांना पत्रंच लिहिते. तू मराठीत बोलून पाठवायचास, आणि जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात दुसऱ्या हाताने मी त्याचं इंग्रजी करायचे. चार वर्षं हे चाललं. मला ते काम आवडायचं. लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, त्यानंतर रोज बोलावं असं आपल्यात तेवढंच उरलं होतं.

"गरीब अस्वल पाहिजे त्याला," मी सांगितलं तेव्हा तू हसलास.

"एवढंच ना? त्यासाठी कुठे बाहेर जायला लागतंय, ताई. खोलीत बसल्या बसल्या होईल."

आठवड्याने चित्र आलं. ऑफिसात सगळ्यांच्या मधे मी ते उघडलं आणि पटकन फोन पालथा ठेवला. ते आपलं घर होतं. तीच दहा बाय बाराची खोली. मांडणीवर मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेले डबे, पालथी पातेली, ओळीने पेले, आणि सगळं असं घासलेलं की त्यात खिडकीचा उजेड दिसावा. मोरीजवळ पाण्याचा निळा ड्रम, त्यावर झाकलेलं ताट. गादीखाली इस्त्रीसाठी दाबून ठेवलेली पँट, तिचा एक पाय बाहेर. दाराशेजारी भिंतीत आपले तीन खिळे. पहिला आईचा, दुसरा तुझा, तिसरा माझा. आपल्या घरात कपाट नव्हतं, खिळे होते, आणि दुसऱ्याच्या खिळ्यावर काही अडकवलं की भांडण ठरलेलं. आणि या सगळ्याच्या मधोमध, डोकं मांडणीला लागू नये म्हणून मान वाकवून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं ते धिप्पाड अस्वल. हातात आईचा कान तुटलेला कप.

भिंतीवरची बुद्धांची तसबीर तेवढी तू काढली नव्हतीस. नंतर मी विचारलं तर म्हणालास, "ती नाय द्यायची कोणाला."

त्या संध्याकाळी तुझा फोन आला. "ताई, बघितलंस का चित्र?"

"बघितलं."

"नीट बघितलंस ना? काय दिसलं?"

"आपलं घर दिसलं, दुसरं काय दिसणार? आधी विचारायचंस तरी मला."

 तू खोकलास आणि म्हणालास, "जाऊ दे. पाठव त्याला." तो खोकला मी ऐकला होता, मिल्या. पण तू ठाण्याला, खोपटला उस्तादांकडे बोर्ड रंगवायला जायचास तेव्हापासून तुझं ते खोकणं चालूच होतं. पत्र्याची धूळ, टर्पेंटाइन, असं तूच सांगायचास. आम्हाला सवय झाली होती.

आईला तू टॅबवर दाखवलंस. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. टॅब नाकाशी धरून तिने पाहिलं आणि म्हणाली, "भांडी छान लागलीत. पण त्या बिचाऱ्याला बसायला पाट तरी द्यायचा." तू हे मला सांगितलंस आणि आपण दोघं पोट धरून हसलो. माझ्या आठवणीत आपलं एकत्र हसणं ते शेवटचं.

दोन दिवसांनी गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. चित्र फार सुंदर आहे, पण हे गरीब वाटत नाही. घर फार स्वच्छ आहे. एवढ्या हलाखीत कोण इतकं नीटनेटकं राहील? थोडी घाण, जाळी-जळमटं, फुटकी भांडी दाखवता येतील का? उर्मट नव्हता तो. नीट, आदराने विचारलं होतं त्याने.

तू मला बोलून पाठवलंस ते अजून माझ्या फोनमध्ये आहे. गेल्या पंधरा दिवसांत मी ते किती वेळा ऐकलं असेल. "ताई, त्याला लिही, गरिबाचं घर असंच असतं. भांडी घासलेली असतात. माझी आई पंचवीस वर्षं कंपनीच्या कँटीनमध्ये लोकांची भांडी घासायची आणि घरी येऊन परत आपली घासायची. मला माहितेय, कारण मी त्याच घरात बसून हे काढलंय. असं लिही. नीट लिही हां, तुझ्या चांगल्या इंग्रजीत."

मी लिहिलं: "गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपल्या सूचनेप्रमाणे बदल करून लवकरच पाठवू."

भांडलो तेव्हा मी तुला म्हणाले की ऑफिसची सवय, हाताने आपोआप लिहिलं. ते खोटं होतं. तुझं वाक्य मी टाइप करायला घेतलं होतं. 'हे घर आमचं' इथपर्यंत आले आणि पुसून टाकलं. जो माणूस मला जन्मात भेटणार नाही, ज्याला माझं नावही माहीत नाही, त्यालासुद्धा मला ते सांगवेना. या ऑफिसात मला अकरा वर्षं झाली. माहेर कुठलं विचारलं की मी कल्याण म्हणते. शहाड म्हटलं की शहाडला कुठे असं विचारतात, मग चाळ येते, आणि मग आडनाव ऐकून बाकीचं लोक स्वतःच ठरवून टाकतात. एकाही मैत्रिणीला मी कधी आईकडे जेवायला नेलं नाही. आईने दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

गिऱ्हाइकाने 'समजून घेतल्याबद्दल आभार' असं लिहिलं आणि तुला संशय आला. फोनमध्ये मराठी करून तू सगळं वाचलंस. तुझा आवाज तेव्हा चढलेला नव्हता, तेच वाईट होतं.

"ताई, सॉरी कोणाला म्हणालीस? कशासाठी म्हणालीस? आईच्या भांड्यांसाठी सॉरी?"

"अरे गिऱ्हाईक आहे तो. त्याला जे पाहिजे ते द्यायचं. आणि तू कुठला शहाणा लागून गेलास? घर काढलंस आपलं, गरिबीचा नमुना म्हणून. कोणाला विचारलंस?"

"गरीब मी कुठे म्हणालो? त्यानं गरिबी मागितली, मी घर दिलं. आणि बघ ना, त्याला ते गरीब वाटलंच नाही. तुलाच वाटलं."

 कोंडीत सापडले की मी काय करते ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

"मग टाक ना पुसून," मी म्हणाले. "काढ घाण. परत मला ते घर बघायला लागलं नाही पाहिजे."

तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी साइटचा पासवर्ड बदललेला होता. आठवड्याने गिऱ्हाइकाने आपल्या पानावर ते चित्र लावलं आणि मी ते पाहिलं. तीच खोली. पेल्यांवर काजळी, मांडणी एका बाजूने खचलेली, ड्रमशेजारी उंदीर, भिंतभर ओल आणि कोळिष्टकं. अस्वलाच्या हातातला कप फुटका. मन लावून काढली होतीस घाण. खाली कौतुकाचे ढीग पडले होते. किती खरं वाटतं, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं.

मग सात महिने. मी रविवारी आईकडे यायचे, तू ज्या वेळेला नसायचास ती वेळ साधून. एकदा आले तर माझ्या खिळ्यावर साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. आई म्हणाली, त्याच्या कामाचे कागद आहेत, हात लावू देत नाही. मी पर्स दाराच्या कडीला अडकवली आणि मनात म्हटलं, वा, खिळासुद्धा घेतलास का माझा? इतका राग आला होता मला त्या पिशवीचा, की ती जाड का आहे, दर वेळी आणखी जाड का होतेय, हे काही डोक्यात आलं नाही.

हॉस्पिटलात तू ज्या दिवशी पोचलास त्या दिवशी मास्क बाजूला करून मला म्हणालास, "खिळ्यावरची पिशवी आण." सात महिन्यांनी माझ्याशी बोललास ते हे. पिशवीत खाकी लिफाफे होते, लिफाफ्यांत तुझ्या छातीचे एक्सरे. डॉक्टरांनी पहिला उजेडाला धरला, खालची तारीख वाचली आणि म्हणाले, "हा मे महिन्यातला आहे. एवढे दिवस कुठे होतात?" तू छताकडे बघत राहिलास. मे म्हणजे अस्वलाच्या आधी. म्हणजे आपण रोज बोलत होतो तेव्हाही तुला माहीत होतं, आणि तू मला सांगितलं नव्हतंस. तुझ्या उशाशी बसून मी या गोष्टीचाही राग धरला, काय सांगू तुला. नवव्या दिवशी तू मास्क ओढलास आणि "ताई, ते अस्वल..." एवढं म्हणालास. मी मास्क परत लावला. "नंतर बोल," म्हणाले, "आधी बरा हो."

तू बाराव्या दिवशी गेलास. आई तेव्हापासून एकच विचारते. येणाऱ्या प्रत्येकाला, मला तर दिवसातून चार वेळा. "कधीपासून होतं गं त्याला? मी त्याच खोलीत झोपत होते. मला कसं नाही कळलं?" आणि मी दर वेळी सांगते, "अचानक झालं, आई. डॉक्टरही तेच म्हणाले." ती ऐकते, पण तिचं समाधान होत नाही. लिफाफे मी माझ्या घरी आणून ठेवलेत.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मांडवात ते अस्वलाचं चित्र लावायचं. त्यात आपलं घर आहे. त्याच्या हातचं आपलं घर." नंतरचं, घाणीचं चित्र तिने पाहिलेलंच नव्हतं. तू दाखवलं नव्हतंस, आणि बरंच केलंस. पण आता तिला ते दाखवायचं कसं? स्वतःच्या पेल्यांवरची ती काजळी बघून ती काय म्हणाली असती?

तुझा टॅब उघडला. त्यात अस्वलाचं एकच चित्र, शेवटचं, घाणीचं. खोपटहून उस्ताद भेटायला आलेले, त्यांना विचारलं. वयाने थकलेत, पण तुझ्या टॅबकडे अजून संशयाने बघतात.

"त्यात म्हणे थर वेगवेगळे ठेवता येतात, वरचा काढला की खालचं तसंच्या तसं," मी म्हणाले.

"ठेवणारे ठेवतात. तो नाही ठेवायचा," उस्ताद म्हणाले. "माझ्याकडे शिकलेला ना. आम्ही पत्र्यावर जुना बोर्ड आहे त्यावरच नवा रंग मारायचो. खालचं गेलं म्हणजे गेलं, पोरी. मी त्याला म्हणालेलो, बाबा, आता तरी सवय बदल."

म्हणजे तू घाण अलग काढली नव्हतीस. आईच्या एकेका पेल्यावर, एकेका डब्यावर, वरून फासली होतीस. मी सांगितलं म्हणून.

माझ्या फोनमधलं मी भांडणाच्या रात्रीच पुसलं होतं आणि तुझ्या खात्याचा पासवर्ड तुझ्याबरोबर गेला. आता ते पहिलं चित्र जगात एकाच माणसाकडे असण्याची शक्यता होती. मी त्या साइटवर स्वतःच्या नावाने, आडनावासकट, खातं उघडलं आणि अस्वलाच्या मालकाला पत्र लिहिलं. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, नेहमीच्याच जागी. शेजारच्या टेबलावरची वाकून वाचत होती. वाचू दिलं. लिहिलं की मिलिंद गेला, मी त्याची बहीण. तुम्हाला पत्रं मी लिहायचे. घर गरीब वाटत नाही असं तुम्ही कळवलंत, तेव्हा त्याने एक उत्तर दिलं होतं, ते मी तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही, ते आता पाठवते आहे. आणि मग फोन कानाला लावून, तुझं वाक्य न वाक्य इंग्रजीत घातलं. भांडी, कँटीन, पंचवीस वर्षं, सगळं. शेवटी लिहिलं, हे घर आमचं आहे. माझी आई अजून तिथेच राहते आणि तिला ते पहिलं चित्र पुन्हा बघायचं आहे.  थोड्या वेळाने शेजारच्या टेबलावरच्या बाईने तिच्या डब्यातली वडी माझ्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र आलं. सोबत दोनच ओळी होत्या. मला माहीत नव्हतं, फार सॉरी. त्यानेही सॉरीच म्हटलं, मिल्या.

स्टेशनजवळच्या बॅनरवाल्याकडे छापायला गेले. त्याने चित्र पडद्यावर मोठं केलं, इकडून तिकडे सरकवलं, आणि एका ठिकाणी थांबून म्हणाला, "मॅडम, हे दाराजवळ काय आलंय? डाग वाटतोय. साफ करून टाकू?"

मी पाहिलं. तीन खिळे. आईच्या खिळ्यावर पिशवी, तुझ्या खिळ्यावर शर्ट. आणि माझ्या खिळ्यावर, दोऱ्याने लटकवलेला खाकी लिफाफा. लिफाफ्याच्या तोंडातून काळ्या फिल्मचा कोपरा बाहेर आलेला, आणि त्या बोटभर काळ्यात पांढऱ्या बारीक रेघा, एकाखाली एक. बरगड्या. घरात तो तू साडीच्या पिशवीत लपवलास. चित्रात उघडा ठेवलास, माझ्या खिळ्यावर, मीच बघणार म्हणून. आणि मग फोन करून विचारलंस, नीट बघितलंस ना? काय दिसलं?

मला घर दिसलं होतं. चाळ दिसली होती. ऑफिसातल्या बायका काय म्हणतील ते दिसलं होतं. जूनमध्ये बघितलं असतं तर वेळ होता की नव्हता, हे डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत नाही. विचारणार नाही.

"मॅडम? काढू का?"

"नको," मी म्हणाले. "आहे तसंच राहू दे."

काल सकाळी, माणसं यायच्या आधी, मी चित्र आईपुढे धरलं. तिने हाताने चाचपलं, मग बऱ्या डोळ्याजवळ घेतलं. एकेका वस्तूवर बोट ठेवत गेली. डबे. पेले. ड्रम. कप. अस्वलाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "बस बाबा," त्याला म्हणाली. मग बोट दाराकडे आलं आणि थांबलं.

"हे तपकिरी काय गं, सुजा? तुझ्या खिळ्यावर?"

तुझं म्हणणं दुसऱ्याला पोचवताना मी ते पुन्हा एकदा बदललं, मिल्या. एकदा लाजेपोटी बदललं होतं. काल कशापोटी बदललं, ते तू समजून घे.

"माझी पर्स, आई. ती कॉलेजातली."

"अगं बाई," आई म्हणाली. "तुझी जागा ठेवली होती बघ त्यानं."

चित्र तुझ्या फोटोशेजारी ठेवलं. मांडवात येणारा प्रत्येक जण फुलं वाहायचा आणि मग अस्वलापाशी थबकायचा. आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती. काल दिवसभरात तिने एकदाही कुणाला विचारलं नाही, त्याला कधीपासून होतं म्हणून. जो थांबेल त्याला ती बोट लावून दाखवत होती. ही माझी भांडी. हा माझा कप. आणि ही इथे, ही आमच्या सुजाची पर्स.